एका ब्लेडपासून तीन ब्लेडपर्यंत

पूर्वी न्हावी गरम पाण्याने दाढी भिजवून, फेस करून एकधारी वस्तरा फिरवत आणि शेवटी ओली तुरटी लावत. तुरटीने बारीक जखमांतले रक्त थांबते. पुळ्यांवरचा तो इलाज नव्हे.

१९७१ मध्ये जिलेटचा दोन ब्लेडचा रेझर आला, १९९८ मध्ये तीन ब्लेडचा. पहिले ब्लेड केस ओढते, पुढचे कापते आणि कापलेले टोक त्वचेखाली जाते. कुरळा केस मग आतच वाढतो; पुळ्या येतात.

"डॉक्टर, रेझर तर महागातला आहे!" तरुण तक्रार करतात. त्यांना मी महिनाभर दाढी राखायला सांगतो (लग्न ठरलेले असेल तर पंचाईतच!). नंतर एकच ब्लेड, केसांच्या दिशेने, त्वचा न ताणता. आग झाल्यास गार पाण्याची घडी ठेवावी, आफ्टरशेव्ह नको.