पाणपोई आणि दात्याचे नाव

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. या गावात घडीव दगडांची एक जुनी पाणपोई आहे. यादवकालीन, हेमाडपंती धाटणीची वास्तू म्हणून तिचा उल्लेख होतो. किल्ले, देवळे, लेणी यांच्या मानाने ती लहान. तिच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करणारे थोडेच. तरीही रचना, संस्कृती, जाहिरात आणि दानधर्म यांचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाचा विचार आम्हांला तिच्यापासूनच सुरू करावासा वाटतो.

पाणपोईत दान असते ते पाण्याचे. पण ते तहानलेल्यापर्यंत पोहोचते रचनेमुळे. जागा वाटेला लागून हवी, पाण्यावर सावली हवी, घटकाभर टेकायला आडोसा हवा, आणि कोणाची परवानगी न मागता आत जाता यायला हवे. एवढे साधले नाही तर दात्याची इच्छा कितीही थोर असो, वाटसरू तहानलेलाच राहतो. म्हणून पाणपोईची रचना हा त्या दानाचाच अर्धा भाग होय.

ज्या हेमाद्रीच्या नावाने ही धाटणी ओळखली जाते, तो तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचा एक मोठा भाग ‘दानखंड’ आहे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवण्याची रीत मात्र त्याच्या आधीपासूनची. असंख्य अनाम पाथरवटांची विद्या एका मंत्र्याच्या नावावर जमा झाली. आजच्या बाजारात ज्याला ‘ब्रँड’ म्हणतात, त्याचे हे मराठी मुलखातले एक जुने उदाहरणच म्हणावे लागेल.

पूर्वी दान गुप्त असे आणि आज त्याची जाहिरात होते, असे आपण सहज बोलून जातो. शिलालेखांची साक्ष निराळी आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपली दाने मोजून कोरवली आहेत : तीन लाख गाई, सोळा गावे, नद्यांवर फुकट नावा, आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा. प्रपा म्हणजे पाणपोई. कार्ल्याच्या चैत्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे सांगतो. आपल्या मालाची याहून मोठी तारीफ आजचा जाहिरातदारही करणार नाही.

तेव्हा दात्याचे नाव ही काही आपल्या काळाची विकृती नव्हे. फरक आहे तो नाव आणि वस्तू यांच्या प्रमाणात. कार्ल्याच्या खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. ती अक्षरे पुसली गेली तरी खांब आपल्या जागी उभाच राहील. उषवदाताने नाशिकच्याच दुसऱ्या दानात आणखी एक पाऊल पुढे टाकले. तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावायची ठेव, त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : दोन हजार दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, एक हजार पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे होते. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. हिशेब बरोबर जुळतो. शिलालेखात बढाई आहे खरी, पण तिच्यासोबत पुढील वर्षांची तजवीजही आहे.

आज चैत्र-वैशाखात चौकाचौकांत पाणपोया उभ्या राहतात. त्यांपैकी अनेकांत आधी फलक येतो, त्यावर चेहरे येतात आणि खाली कोपऱ्यात दोन माठ येतात. उद्घाटनाचा दिवस ठरलेला असतो. दुसऱ्या आठवड्यात माठ कोण भरणार, हे ठरलेले असतेच असे नाही. येथे नाव हीच वस्तू झाली आणि पाणी तिचे निमित्त.

या सीमारेषेची जाणीव कायद्यालाही झालेली दिसते. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 135ने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले. 2021मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, आपल्या मालाच्या वा सेवेच्या विपणनाचा लाभ मिळवण्यासाठी केलेले प्रायोजन या खर्चात धरता येणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. पण कायदा खर्चाचे वर्गीकरण करू शकतो; फलक केवढा आणि माठ केवढा, हे तो कसे सांगणार? ते रचनाकारालाच ठरवावे लागते, आणि पैसे देणाऱ्यासमोर तसे बोलूनही दाखवावे लागते.

त्यासाठी एक कसोटी पुरेशी आहे, असे आम्हांला वाटते. दानावरचे नाव मनातल्या मनात झाकून पाहावे. त्यानंतरही वाटसरूला सावली आणि पाणी मिळत असेल, तर नाव खुशाल कोरावे. शिरवळच्या त्या वास्तूला लोक आजही ‘पाणपोई’च म्हणतात. दात्याच्या नावाऐवजी कामाचे नाव मागे उरणे, ही दानाची हानी आहे असे आम्ही मानत नाही.