फुलं टिकवण्यासाठी आधी थंडी, मग प्राणवायू कमी

दसऱ्याला झेंडूच्या भरलेल्या पोत्यात मधोमध हात घालून बघा, आत ऊब लागते. तोडलेलं फूलही श्वास घेतं, ही ऊब त्याचीच. झाडाकडून येणारं अन्न बंद झालेलं असतं, म्हणून फूल अंगातली साखर जाळून जगतं. साखर सरत आली की कोमेजायला लागतं.

चुलीची हवा कमी केली की लाकूड सावकाश जळतं, तसंच इथे आहे. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. बंद शीतगृहात नायट्रोजन सोडून तो थोड्या टक्क्यांवर आणला, की फुलाचा श्वास मंदावतो. आणखी एक फायदा होतो. फळं पिकवणारा इथिलीन वायू फुलातही तयार होतो आणि त्यालाही प्राणवायू लागतो. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून फूल 'झोपतं', ते या इथिलीनमुळेच.

मात्र प्राणवायू फारच उतरला तर फूल आतून आंबतं, पाकळ्या तपकिरी पडतात, कळी उमलत नाही. ही मर्यादा फुलागणिक वेगळी. अमेरिकेत १९६० च्या दशकात डॅफोडिलची फुलं निव्वळ नायट्रोजनमध्ये, थंडीत, तीन आठवडे टिकली होती; पण सगळ्याच फुलांना ते सोसत नाही. हिमाचलात सफरचंदासाठी अशी शीतगृहं चालतात. फुलांच्या धंद्यात मात्र जाती अनेक, माल थोडा थोडा आणि दार सारखं उघडणार. त्यामुळे जगभर मुख्य भर थंडीवरच आहे.

मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये फेब्रुवारीत गुलाबाला भाव येईपर्यंत माल धरून ठेवायचा मोह होतो. तेव्हा बंच प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून साध्या खोलीत ठेवणं म्हणजे हातानं नुकसान करून घेणं. दहा अंश तापमान वाढलं की श्वास दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. पिशवीतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, लाल गुलाब निळसर पडू शकतो. वर आत घाम धरून राखाडी बुरशी येते ती वेगळीच.

त्यापेक्षा पहाटे काढणी करून दांड्या लगेच स्वच्छ पाण्यात ठेवाव्यात आणि गुलाब २ ते ४ अंशांच्या खोलीत न्यावा. त्या खोलीत सफरचंद, केळी ठेवू नयेत. अँथुरियमला मात्र ही थंडी बाधते, त्याला १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नये.