सावतोबांचा कांदा

सावतोबांच्या मळ्यातील कांदा केवढा असेल? लातूरच्या परसात आम्ही विलायती महाकाय वाणाचे बी लावले, पात गुडघाभर वाढली, कांदा मात्र पोसला नाही. तेव्हा हा प्रश्न पडला. दोष मातीचा नव्हता. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात, हे गार्नर व अ‍ॅलर्ड यांनी 1920 साली दाखवले. ब्रिटनमधील 2023 चा जवळजवळ 9 किलोंचा विक्रमी कांदा सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांच्या मुलखातला. नांदेड-लातूरचा दिवस सव्वातेरा तासांच्या फारसा पुढे जात नाही. सावतोबांच्या (समाधी 1295) अरणचाही तेवढाच. वर्गात आम्ही त्यांचा कांदा-मुळा निव्वळ रूपक म्हणून शिकवीत आलो. त्याच अभंगात मिरचीही आहे, आणि ती तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली! गाणाऱ्यांनी आपल्या वाफ्यातले त्यात मिसळले असावे. कांदा मात्र जुनाच. इथल्या दिवसाच्या मापाचा, मुठीत मावणारा.