आठ डॉलर आणि त्यानंतरचा चेक

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात ज्येष्ठ मंडळी गप्पांना बसली की आठ डॉलरची गोष्ट निघतेच. भारतातून परकीय चलन नेण्यावर त्या काळी कडक बंधने होती. विमानात बसताना हातात पडायचे ते जेमतेम आठ डॉलर, आणि तेवढ्या भांडवलावर ही माणसे सातासमुद्रापार येऊन उभी राहिली. गोष्ट खरी आहे आणि ऐकताना ऊर भरून येतो, यात शंका नाही. पण एक साधा हिशेब मांडून बघा. आठ डॉलरवर कोणी पीएच.डी. करत नाही. मग पुढच्या महिन्याचं भाडं कोणी दिलं? युनिव्हर्सिटीची फी कोणी भरली?

उत्तर आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत आहे: असिस्टंटशिप. पण असिस्टंटशिपचा पैसा येतो कुठून, हे आपण सहसा विचारत नाही. प्रोफेसरसाहेब काही तो आपल्या खिशातून देत नाहीत. विज्ञान आणि इंजिनिअरिंगमध्ये तो बहुतेक वेळा संशोधनाच्या ग्रँटमधून येतो, आणि त्या ग्रँटमागे बऱ्याचदा असते ते अमेरिकन सरकार. हे चक्र कसं सुरू झालं याचा इतिहास मोठा रंजक आहे. तो सांगण्यासाठी मी मटेरियल्स सायन्स हा विषय निवडला आहे, कारण सरकारी पैशाने एखादी विद्याशाखा जवळजवळ घडवली गेली, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं अवघड.

आधी हा विषय म्हणजे काय ते पाहू. मराठीत याला पदार्थविज्ञान म्हणावं, तर तो शब्द फिजिक्सने आधीच घेतलेला! पण दिवाळीचा फराळ करणाऱ्या प्रत्येक घरात हे शास्त्र वापरात असतं. साखर तीच, पाणी तेच. नुसत्या चिकट पाकात गुलाबजाम मुरतात, एकतारी पाकात रव्याचे लाडू वळतात, आणि पाक जरा पुढे गेला की त्याच लाडवांचे दगड होतात. घटक बदलले नाहीत, फक्त किती तापवलं आणि कसं थंड केलं ते बदललं. त्यामुळे आतली रचना बदलली आणि गुणधर्म बदलले. पोलाद, काच, सिलिकॉन, प्लास्टिक, बॅटरीतली रसायने या सगळ्यांचा याच नजरेने अभ्यास म्हणजे मटेरियल्स सायन्स.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतल्या विद्यापीठांना संशोधनासाठी केंद्र सरकारकडून फारसा पैसा मिळत नसे. रडार आणि अणुबॉम्ब यांनी चित्र पालटलं. युद्धकाळात वैज्ञानिक कामाची सूत्रे सांभाळणारे व्हॅनिव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये एक अहवाल सादर केला. त्याचा गाभा असा की, शांततेच्या काळातही मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, आणि संशोधन मात्र विद्यापीठांनी आपल्या पद्धतीने करावं. १९४६ मध्ये नौदलाने संशोधनाला मदत करणारं स्वतंत्र कार्यालय काढलं. नागरी संस्थेवर मात्र वाद चालू राहिला. १९४७ चं विधेयक राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरून रोखलं, आणि अखेर मे १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे एनएसएफ, जन्माला आली. सुरुवातीला तिचा जीव अगदी लहान होता.

मग ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. एनएसएफचा १९५८ चा निधी होता सुमारे ४ कोटी डॉलर, तो १९५९ मध्ये १३ कोटी ४० लाखांवर गेला. १९५८ याच एका वर्षात संरक्षण खात्याची संशोधन संस्था आर्पा स्थापन झाली, नासा स्थापन झाली, आणि विद्यार्थ्यांना कर्ज व फेलोशिप देणारा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदाही झाला. आर्पा हे नाव कॉम्प्युटरवाल्यांना इंटरनेटमुळे परिचित आहे. पण त्याच्या कितीतरी आधी तिने मटेरियल्सला हात घातला होता.

कारण सरळ होतं. रॉकेटचा नॉझल वितळता कामा नये, वातावरणात परत शिरणारं यान जळता कामा नये, अणुभट्टीतला धातू किरणोत्साराने ठिसूळ होता कामा नये. गणितं कागदावर सुटत होती, अडत होतं ते मालापाशी. आणि हा माल जाणणारी माणसे वेगवेगळ्या इमारतींत बसलेली: धातुशास्त्रज्ञ एकीकडे, भौतिकशास्त्रज्ञ दुसरीकडे, रसायनशास्त्रज्ञ तिसरीकडे. तेव्हा १९६० मध्ये आर्पाने कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थवेस्टर्न या तीन विद्यापीठांशी करार करून आंतरशाखीय प्रयोगशाळा सुरू केल्या. पुढे एमआयटी, स्टॅनफर्ड, हार्वर्ड, पर्ड्यू वगैरे मिळून आर्पाच्या अशा प्रयोगशाळांची संख्या बारावर गेली.

या योजनेची खुबी पैशाच्या आकड्यापेक्षा पैशाच्या पद्धतीत होती. एकेका प्रोफेसरला एकेका प्रयोगासाठी पैसे देण्याऐवजी संपूर्ण प्रयोगशाळेला काही वर्षांची हमी मिळत असे. त्यातून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, क्ष-किरणांची उपकरणे, स्फटिक वाढवण्याच्या भट्ट्या अशी महाग साधने सर्वांसाठी सामायिक घेतली जात. आणि त्याच पैशातून पीएच.डी.चे विद्यार्थी पोसले जात. सरकारला नुसती धातूंची माहिती नको होती, ती जाणणारी माणसंही हवी होती. संशोधन आणि शिक्षण एकाच चेकवर चालत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडे काय चाललं होतं ते बघू. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्राचा विभाग होता. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली होती. १९५८ मध्ये पवईला आयआयटी उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने, आणि तिची पहिली तुकडी १९६२ मध्ये बाहेर पडली. पाठोपाठ ऑक्टोबर १९६५ मध्ये अमेरिकेचा नवा इमिग्रेशन कायदा आला आणि शिकून इथे राहण्याची वाट मोकळी झाली. गंमत बघा: रशियाच्या मदतीने पवईत शिकलेला मुलगा, रशियाच्याच धास्तीने उघडलेल्या अमेरिकन प्रयोगशाळेत संशोधन करू लागला! या ग्रँटवर काम करणारा रिसर्च असिस्टंट अमेरिकन नागरिकच हवा, अशी सरसकट अट नव्हती. आठ डॉलरनंतरचा चेक आला तो असा. मेहनत आपल्या माणसांची होती, हे शंभर टक्के खरं. पण ती करायला टेबल, खुर्ची आणि पगार इथल्या करदात्याने दिला, हेही तितकंच खरं.

हा पैसा नेहमी असाच वाहत राहिला असं मात्र नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात विद्यापीठांतल्या लष्करी पैशावर टीका वाढली. सिनेटर माइक मॅन्सफील्ड यांच्या १९६९ च्या दुरुस्तीने ठरवलं की, संरक्षण खात्याने लष्करी कामाशी थेट संबंध असलेल्या संशोधनालाच पैसा द्यावा. झालं! मूलभूत संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळांना आर्पाकडे जागा उरली नाही. सुदैवाने १९७२ मध्ये एनएसएफने त्या आपल्या पंखाखाली घेतल्या.

पण सगळ्यांचं नशीब असं नसतं. जॉन गुडइनफ यांचं उदाहरण आम्हा आयटीवाल्यांनी तरी जाणून घ्यायला हवं. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत, हवाई दलाच्या पैशावर, त्यांनी पन्नाशीच्या दशकात कॉम्प्युटरच्या कोअर मेमरीसाठी लागणाऱ्या चुंबकीय फेराइटवर काम केलं होतं. म्हणजे मेमरी हाही मुळात मटेरियलचाच प्रश्न होता. मॅन्सफील्ड दुरुस्तीनंतर त्यांना हव्या त्या मूलभूत संशोधनाला तिथे वाव उरला नाही. १९७६ मध्ये ते इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये गेले, आणि १९८० मध्ये तिथेच लिथियम बॅटरीसाठी लागणारं कोबाल्ट ऑक्साइड त्यांच्या गटाने पुढे आणलं. बॅटरी बाजारात आणली जपानच्या सोनीने, १९९१ मध्ये. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवव्या वर्षी, नोबेल मिळालं. आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनचा हा इतिहास आहे. कायद्यातल्या एका ओळीने माणूस देश सोडून जातो, आणि त्याचा परिणाम समजायला कित्येक वर्षे लागतात.

पुढे सरकारं बदलली तशी योजनांची नावंही बदलत गेली. १९९४ मध्ये एनएसएफने जुन्या प्रयोगशाळांच्या जागी मटेरियल्सची नवी संशोधन आणि शिक्षण केंद्रे सुरू केली. नावातच शिक्षण आलं. शाळांसाठी कार्यक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण, पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधन हे सगळं त्यांच्या कामात आलं. जानेवारी २००० मध्ये क्लिंटन यांनी नॅनोटेक्नॉलॉजीचा राष्ट्रीय उपक्रम जाहीर केला, २०११ मध्ये ओबामांनी मटेरियल्स जीनोम उपक्रम. यात नवी मटेरियल्स कॉम्प्युटरच्या आणि डेटाच्या मदतीने लवकर शोधण्यावर भर होता. २०१० ते २०१३ या काळात एनएसएफचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले सुब्रा सुरेश, आणि त्यांचा विषय होता मटेरियल्स! २०२२ च्या चिप्स कायद्याने सेमीकंडक्टरसाठी ५२ अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली. २०२३ मध्ये नऊ केंद्रांना मिळून १६ कोटी २० लाख डॉलर जाहीर झाले, तेही सहा वर्षांच्या हमीने. १९६० ची पद्धत अजून जिवंत होती.

आणि मग २०२५ आलं. मंजूर झालेल्या शेकडो ग्रँट मध्येच रद्द झाल्या. एनएसएफचे सुमारे ९ अब्ज डॉलर ४ अब्जांच्या खाली आणण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांनी एवढी कपात मान्य केली नाही. पण त्या वसंतात पदवीनंतरच्या संशोधनासाठी जाहीर झालेल्या एनएसएफ फेलोशिपच्या पहिल्या यादीत एक हजारच नावं होती, आधीच्या वर्षांच्या साधारण निम्मी. राजकारण ज्याचं त्याने ठरवावं. पण आपल्या पहिल्या पिढीला ज्या चेकने उभं केलं, तो चेक आपोआप निघत नाही, कोणीतरी त्यासाठी भांडावं लागतं, हे इतिहास सांगतो. इथे मतदान करणाऱ्या मराठी माणसाने आपल्या प्रतिनिधीला चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

शेवटी मुलांविषयी. आपल्या घरांत बारावीनंतरची चर्चा कॉम्प्युटर आणि मेडिकल या दोन स्टेशनांच्या पुढे क्वचितच जाते. मी स्वतः पहिल्याच स्टेशनावर उतरलेला, त्यामुळे तक्रार नाही. पण बॅटरी, चिप, कृत्रिम सांधे यांत रस असलेल्या मुलाला हा तिसरा मार्ग माहीत तरी असू द्या. एनएसएफच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमात पदवीचा विद्यार्थी साधारण दहा आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. पदवीनंतरची ती फेलोशिप १९५२ पासून चालू आहे आणि तीन वर्षांचा खर्च उचलते. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्या: या दोन्हींसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्या, एच-फोरवर वाढलेल्या मुलांना ही दारं बंद आहेत. त्यांनी पुढे स्टुडंट व्हिसा घेतला, तर प्रोफेसरच्या ग्रँटवरची असिस्टंटशिप हा जुनाच मार्ग त्यांनाही खुला राहतो.

उन्हाळी कार्यक्रमांचे बरेचसे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे असतात, आणि शिफारसपत्रांसाठी प्रोफेसरांना त्याआधी गाठावं लागतं. तेव्हा फराळाचे डबे रिकामे होण्याआधीच, जवळच्या विद्यापीठात असं केंद्र आहे का ते मुलांबरोबर बसून शोधा. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!