सॅम फिलिप्सचा कान

रॉक अँड रोलचं पहिलं गाणं कोणतं, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण या संगीताचा आवाज कुठे घडला याचा माग काढताना अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर थांबावंच लागतं. १९५० च्या जानेवारीत सॅम फिलिप्स यांनी तिथे छोटासा स्टुडिओ थाटला. ते अलाबामातल्या शेतकरी कुटुंबातले आणि रेडिओ केंद्रावर काम केलेले. लग्नं, अंत्यविधी, भाषणं असं काहीही ते पैसे घेऊन ध्वनिमुद्रित करत. त्यांची खरी ओढ मात्र कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडे होती. वर्णभेद कायद्यानेच पाळला जाणाऱ्या त्या शहरात त्यांनी या कलावंतांसाठी दार उघडं ठेवलं. बी. बी. किंग, हाउलिंग वुल्फ यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं इथलीच.

मार्च १९५१ मध्ये आयक टर्नर यांचा वाद्यवृंद ‘रॉकेट ८८’ मुद्रित करायला आला. येताना वाटेत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला इजा झाली होती आणि त्याच्या स्पीकरचा कागदी शंकू फाटला होता. दुसरा कुणी असता तर काम पुढे ढकललं असतं. फिलिप्स यांनी फाटलेल्या जागी कागद कोंबला आणि त्यातून निघणारा खरखरीत, गुरगुरता आवाज गाण्यात ठळक ठेवला. शिकागोच्या चेस कंपनीने ही रेकॉर्ड काढली आणि ती रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली आली. अनेक अभ्यासक रॉक अँड रोलची सुरुवात इथून मोजतात.

१९५२ मध्ये फिलिप्स यांनी स्वतःची ‘सन रेकॉर्ड्स’ काढली. पुढच्या वर्षी एल्व्हिस प्रेस्ली हा अठरा वर्षांचा मुलगा पदरचे पैसे भरून गाणं मुद्रित करून गेला. ऑफिस सांभाळणाऱ्या मॅरियन किस्कर यांनी त्याचं नाव टिपून ठेवलं. ५ जुलै १९५४ ला गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्यासोबत त्याची चाचणी झाली. संथ गाणी जमेनात. मधल्या विश्रांतीत एल्व्हिसने आर्थर क्रुडप यांचं जुनं ब्लूज गाणं उड्या मारत, मजेत सुरू केलं आणि बाकीचे दोघे त्यात सामील झाले. फिलिप्स यांनी ते ऐकलं आणि तेच पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. ड्रमशिवाय, तीनच माणसांत ते मुद्रण झालं.

सनच्या गाण्यांत आवाजामागे लगोलग येणारा जो पडसाद ऐकू येतो, तोही फिलिप्स यांचीच करामत. टेपयंत्रात मुद्रण करणारं आणि वाजवून दाखवणारं हेड यांत थोडं अंतर असतं. दुसऱ्या यंत्रावरून तो क्षणभर उशिरा आलेला आवाज ते मूळ आवाजात मिसळत. त्यामुळे तीन वादकांचा ताफाही भरगच्च वाटे.

नोव्हेंबर १९५५ मध्ये एल्व्हिसचा करार ३५,००० डॉलरना आरसीए कंपनीकडे गेला. त्या पैशाने सनचा जम बसला आणि कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश, जेरी ली लुईस यांच्या रेकॉर्डी गाजल्या. पण सनचं लक्ष गोऱ्या गायकांकडे वळलं आणि ज्यांच्या ब्लूजवर हे सारं उभं राहिलं ते कृष्णवर्णीय कलावंत मागे पडले. सनला पहिलं मोठं यश मिळवून देणाऱ्या रूफस थॉमस यांनी ही खंत उघडपणे बोलून दाखवली.

म्हणून फिलिप्स यांना रॉक अँड रोलचे जनक म्हणणं मला पटत नाही. ते संगीत ब्लूजवाल्यांचं होतं. फिलिप्स यांचं मोठेपण त्यांच्या कानात होतं: इतरांनी जो आवाज दोष म्हणून पुसला असता, त्यातला जीव त्यांनी ओळखला आणि तो तसाच जगापुढे ठेवला. निर्मात्याचं खरं काम हेच.