दोरी बाहेर, वारा आत

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी पाणी तापत असताना गारव्याच्या गोष्टी काढणे हे कुणाला विपरीत वाटेल. परंतु शहाणा गृहस्थ छत्री वैशाखात दुरुस्त करतो आणि वातानुकूलन यंत्राची चौकशी दिवाळीतच करतो. हातात बोनस असतो, दुकानदार सवलत देत असतो आणि मुख्य म्हणजे अंगाला घाम नसल्यामुळे डोके ठिकाणावर असते. यंत्र घ्यावयाचे ठरले, की घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, खिडकीत बसणारे साधे खोके बरे. मुलगा म्हणतो, आता सारे भिंतीवरचे स्प्लिटच घेतात. आजीचे मत कुणी विचारीत नाही. विचारलेच, तर ती माठात वाळा टाकायला सांगेल.

वरवर पाहता हा वाद किमतीचा आणि आवाजाचा आहे. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. खोली गार करायची, तर त्यासाठी लागणारी मेहनत आणि निघणारा ताप कुठे ठेवायचा? खिडकीतल्या खोक्याचे उत्तर एक आहे, स्प्लिटचे दुसरे. आणि ही दोन्ही उत्तरे विजेच्याही आधीची आहेत.

आपल्याकडे उन्हाळ्याशी सामना करण्याची रीत सौम्य होती. वाड्याच्या जाड भिंती, मधला चौक, सारवलेली जमीन, चैत्रगौरीचे पन्हे. पंढरीचा विठुरायाही उन्हाळ्यात चंदनाची उटी लावून घेतो. उत्तरेकडे दाराखिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधीत आणि पाणक्या त्यांवर बाहेरून पाणी मारी. लू त्यातून आत शिरे ती गार आणि सुगंधी होऊन. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी या पडद्याला यंत्राचे रूप दिले. लाकडाचे मोठे पिंप, त्याच्या बाजूंना ओला वाळा आणि आत हाताने फिरवायचा पंखा, असे ते धूड खिडकीत बसवीत. त्याला ‘थर्मँटिडोट’, म्हणजे उष्म्यावरचा उतारा, असे भारदस्त नाव होते. नागपूरकरांचा कूलर याच वंशातला. खिडकी अडवून बसणाऱ्या यंत्राची परंपरा ही अशी जुनी आहे.

दुसरी परंपरा पंख्याची. छताला आडवी चौकट टांगून तिला कापडाची झालर लावीत. चौकटीची दोरी कप्पीवरून, भिंतीच्या भोकातून पलीकडच्या व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला माणूस ती तासन् तास ओढी. हात दुखले, की पायाच्या अंगठ्याला बांधून ओढी. साहेबाला आत वारा लागे. ओढणारा दिसत नसे, त्याचा घाम दिसत नसे. मध्यरात्री त्याला डुलकी लागली आणि वारा थांबला, म्हणजे मात्र त्याची आठवण होई. मग आतून शिवी येई, बूट येई, कधी साहेब स्वतःच येई. त्या मारात काही जण मेले. मलेरियाने मृताची प्लीहा वाढलेली होती, ती साध्या धक्क्याने फुटली, असा बचाव न्यायालयात होई आणि पुष्कळदा गोरा आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटे. भिंतीला भोक पाडून श्रम बाहेर आणि सुख आत ठेवण्याची ही व्यवस्था. हिची आठवण वाचकांनी जपून ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

मधल्या काळात सातासमुद्रांपलीकडून बर्फ आला. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जगभर विकी. १८३३ साली त्याच्या ‘टस्कनी’ जहाजात १८० टन बर्फ चढला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन कलकत्त्यास उतरला. दुसऱ्याच वर्षी मुंबईस बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाले, अशी आख्यायिका त्यावेळेपासून चालत आली आहे. मद्रासच्या समुद्रकाठी या बर्फासाठी बांधलेली इमारत अजून उभी आहे. पुढे स्वामी विवेकानंद तेथे राहिले, म्हणून ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

बर्फाचा हा व्यापार संपला, पण त्याने आपल्या जिभेवर एक शब्द ठेवला. दुकानात आपण विचारतो, ‘एक टन पुरेल की दीड?’ हे यंत्राचे वजन नव्हे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उपसण्याची शक्ती म्हणजे एक टन. दीड टनाचे यंत्र दिवसरात्र पूर्ण शक्तीने चालवणे म्हणजे दीड टन बर्फ घरात वितळवण्यासारखे आहे. ज्या सुखासाठी श्रीमंतांना जहाजाची वाट पाहावी लागे, ते आज मध्यमवर्गीय माणूस बोटाच्या टोकाने मागवतो.

यंत्राने बर्फ करण्याचा ध्यास घेतला तो फ्लॉरिडातल्या जॉन गॉरी या डॉक्टराने. तापाच्या रुग्णांची खोली गार व्हावी म्हणून तो छताजवळ बर्फाचे भांडे टांगी, कारण गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. १८५१ साली त्याला बर्फयंत्राचे पेटंट मिळाले. पैसा मात्र मिळाला नाही, आणि चार वर्षांत तो गेला. स्प्लिटचा आतला भाग भिंतीवर उंच का लावतात, याचे उत्तर त्याच्या भांड्यात आहे.

खरे वातानुकूलन जन्मले ते माणसासाठी नव्हे, कागदासाठी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगांवर रंग नीट बसत नसत. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअराने त्यावर तोड काढली: थंड नळ्यांवरून हवा खेळवायची, म्हणजे तिच्यातली वाफ पाणी होऊन गळून पडते. आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचे. ओला वाळा हवेत पाणी घालतो. नागपूरच्या कोरड्या झळांत ते अमृत, पण मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या घामट हवेत त्याचा काय उपयोग? तिथे हवेतले पाणी काढून घेणारे यंत्रच हवे.

हे यंत्र थंडी तयार करीत नाही. ते हमाल आहे. आतल्या नळीत द्रव उडून वायू होतो आणि खोलीतली उष्णता पाठीवर घेतो. हातावर ओडिकोलन उडाले की गार लागते, तसेच हे. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, तो तापतो आणि बाहेरच्या नळीत ओझे टाकून पुन्हा द्रव होतो. म्हणजे आत जितका गारवा, तितकी उष्णता बाहेर. शिवाय कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेचीही उष्णता बाहेरच.

१९३१ साली शुल्ट्झ आणि शर्मन या दोघा अमेरिकनांनी हे सारे बिऱ्हाड एका खोक्यात घालून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवण्याची युक्ती काढली. अमेरिकन खिडकीची काच वर सरकते; खाली खोके ठेवावे, काच त्यावर टेकवावी, काम झाले. जपानी घराला मात्र हे जमेना. तिथली दारे-खिडक्या रुंद आणि आडव्या सरकणाऱ्या, शेजार खेटून. मग १९६१ साली तोशिबा कंपनीने यंत्राचे दोन तुकडे केले. गोंगाट करणारा कॉम्प्रेसर बाहेर, वारा देणारा भाग आत, आणि मध्ये तांब्याच्या बारीक नळ्या. त्याच दशकात आतला भाग भिंतीवर चढला. १९८१ साली गरजेप्रमाणे गती कमीजास्त करणारे इन्व्हर्टर यंत्रही जपानातच निघाले. प्रत्येक देशाने आपल्या खिडकीकडे पाहून यंत्र घडवले. आपणही आधी आपल्या खिडकीकडेच पाहावे.

आपल्याकडे ही हवा प्रथम सार्वजनिक जागी आली. १९३३ साली उघडलेले मुंबईचे रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. पुढच्याच वर्षी फ्रंटिअर मेलला असा डबा लागला, त्यात गारव्यासाठी बर्फाच्या लाद्याच भरीत. मुंबईत १९४३ साली ब्लू स्टार आणि १९५४ साली व्होल्टास या कंपन्या निघाल्या आणि खिडकीतले खोके हळूहळू कचेऱ्यांतून घरांत आले. पुष्कळ वर्षे तेच वैभवाचे चिन्ह होते. आता बाजार बहुतांशी स्प्लिटचा आहे.

तर निवड कशी करावी? भाड्याचे घर असेल, बदलीची नोकरी असेल, चौकोनी पक्की खिडकी मोकळी असेल, तर वडिलांचे ऐकावे. खोके सहसा स्वस्त पडते, बसवणे सोपे, बिऱ्हाड हलले की काढून नेता येते, आणि नळ्यांचे सांधे माणसाच्या हातून जोडलेले नसल्यामुळे वायू गळण्याचे भय कमी. उणीव एवढीच, की उजेड अडतो आणि कॉम्प्रेसर उशाशी घरघरतो. स्वतःचे घर असेल, खिडकी सरकत्या काचांची किंवा एकुलती एक असेल, झोप हलकी असेल, तर मुलाचे ऐकावे. मात्र स्प्लिटचे अर्धे यश कारखान्यात असते आणि अर्धे बसवणाऱ्याच्या हातात. सांधे घट्ट हवेत, नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण ओढून काढलेली हवी, पाण्याच्या नळीला उतार हवा. दोहोंतही ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे पाहावेत. २०२० पासून यंत्रे २४ अंशांवर लावूनच विकण्याचा नियम आहे, तो आकडा मोडण्याची घाई करू नये.

आणि आता त्या दोरीची गोष्ट. स्प्लिट घेणारा माणूस पुन्हा एकदा भिंतीला भोक पाडतो आणि कष्ट बाहेर घालवतो. पण बाहेर म्हणजे कुठे? शेजाऱ्याच्या खिडकीसमोर लावले, तर आपला ताप त्याच्या घरात जातो. गळणारे पाणी खालच्यांच्या पापडांवर पडते. आणि सातव्या मजल्याच्या बाहेर, जिथे धड पाय ठेवायला जागा नाही, तिथे लावले, तर दर वर्षी एक तरुण मुलगा, पुष्कळदा कमरेला पट्टासुद्धा न बांधता, वीतभर छज्जावर उभा राहून आपल्या थंडाव्यासाठी नळ्या धुतो. अशांपैकी कुणी पडल्याची चार ओळींची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते आणि आपण पान उलटतो. पंखा ओढणारा इतिहासजमा झाला, असे आपण समजतो. त्याची जागा फक्त बदलली आहे.

यावरून स्प्लिट घेऊच नये असे नव्हे. बाहेरचा भाग गॅलरीत, गच्चीवर, जिथे माणूस दोन्ही पायांवर उभा राहून काम करू शकेल, अशा ठिकाणी लावता येत असेल, तर खुशाल घ्यावा. नळी चार हात लांबली, तर चार पैसे अधिक जातील, ते द्यावेत. तशी जागाच नसेल आणि खिडकी असेल, तर वडिलांचे खोके बरे. ते निदान आत ओढून घेऊन घरातच साफ करता येते. दुकानात टनाची, ताऱ्यांची, किमतीची चौकशी सारेच करतात. घरून निघण्यापूर्वी खिडकीतून एकदा डोके बाहेर काढावे आणि पाहावे: उद्या इथे कुणाला उभे राहावे लागेल?