शेअरबाजाराचे दोन धडे : सुरतेचा आणि नवसारीचा

सुरतेने मुंबईला व्यापारी दिले, दलाल दिले आणि शेअरबाजाराचा पहिला मोठा धडाही दिला. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत शेअर हा शब्द फार काळ जुगाराच्या पंक्तीत बसविला गेला. ही भीती अकारण नव्हती. परंतु तीत दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली, असे आम्हांस वाटते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. मुंबईत लोटलेल्या पैशाला वाट हवी होती. बँका निघाल्या, समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघाल्या. या उलाढालीचे सूत्रधार होते सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या आसपास पोहोचला. खरेदीदाराला जमिनीशी कर्तव्य नव्हते. १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवसापूर्वी तो चढ्या भावाने दुसऱ्याच्या गळ्यात घालावा, एवढाच हिशेब. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली होती. शेअरवर कर्ज आणि कर्जातून पुन्हा शेअर! उभी हयात सरकारी कचेरीत काढलेल्या आम्हांस हे कलम विशेष बोचते.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैला असंख्यांना देणी भागविता येईनात. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वानही होरपळला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदांचे वैभव ओसरले; पण तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठास दिलेल्या ४ लाख रुपयांतून ग्रंथालय आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ पर्यंत उभा राहिला. कागदावरचे गेले, दगडात घातलेले राहिले.

याच वादळाने नवसारीच्या टाटांनाही तडाखा दिला. लंडनमध्ये असलेल्या तरुण जमशेटजींनी धनकोंपुढे सारी स्थिती उघड मांडली आणि त्यांचा विश्वास टिकविला. पुढे १८७४ मध्ये कंपनी स्थापून त्यांनी मुंबईऐवजी कापसाच्या मुलखात, नागपुरात, गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. प्रारंभीची स्वस्तातील यंत्रे नीट चालेनात. ती बदलावी लागली. पहिल्या ताळेबंदावरून निकाल देणारा भागीदार तेव्हाच बाहेर पडला असता. जे थांबले, ते एका भरभराटीच्या उद्योगाचे वाटेकरी झाले.

अर्थात थांबणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. तीच गिरणी १९८६ मध्ये सरकारी ताब्यात गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. उद्योगाचेही आयुष्य असते. मालकाने त्याची नाडी पाहत राहिले पाहिजे.

आज वायद्याची जागा तिमाही निकालांवरील पैजांनी आणि ऑप्शनच्या सौद्यांनी घेतली आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे सेबीने २०२४ मध्ये जाहीर केले. वडिलांची ग्रॅच्युइटी आणि मुलाचा मोबाइल एकाच घरात असताना हा आकडा परका उरत नाही.

म्हणून घरातील तरुणांना बाजाराची दारे बंद करण्यापेक्षा एक प्रश्न शिकवावा : उद्या बाजारच बंद झाला, तरी ही कंपनी माझी म्हणून ठेवीन का? उत्तर ‘होय’ असेल, तर ती गुंतवणूक. एरवी तो १८६५ चाच वायदा.